पहारेकरी जागेवर, शिधा संपलेला : प्रायमाक्विन आणि तांबड्या पेशींचं प्रकरण

गोळी सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले की काही जणांची लघवी काळपट व्हायची. आधी कोऱ्या चहासारखी, मग त्याहून गडद. डोळे पिवळे, कंबर भरून आलेली, चार पावलं चाललं की धाप. रक्त तपासावं तर हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलेलं. आणि तीच गोळी तेवढ्याच मात्रेत घेणारा शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र ठणठणीत.

हे घडत होतं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, जोलिएट गावाजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात. शिकागो विद्यापीठाने लष्कराच्या मदतीने १९४४ पासून तिथे हिवतापावरच्या औषधांचे प्रयोग चालवले होते. प्रमुख होते डॉ. आल्फ अल्व्हिंग. आधी युद्ध पॅसिफिकमध्ये पेटलं होतं, पुढे कोरियात. तिथून परतणाऱ्या सैनिकांच्या अंगात व्हायवॅक्स जातीचा हिवताप दडून राहायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढायचा. यकृतात झोपून राहिलेल्या परजीवीला मारणारं औषध हवं होतं. प्रायमाक्विन ते काम करत होतं. अडचण एकच होती. दिवसाला ३० मिलीग्रॅम या मात्रेवर काही कैद्यांचं रक्त अक्षरशः फुटत होतं, आणि हे कैदी बहुतेक कृष्णवर्णीय होते. प्रायमाक्विनच्याच कुळातल्या पामाक्विन या जुन्या औषधानेही काहींना असाच त्रास होतो, हे १९२६ पासून माहीत होतं. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. तुरुंगात असलेल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ असतो? न्यूरेम्बर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बचावपक्षाने याच तुरुंगाकडे बोट दाखवलं होतं. हे प्रयोग पुढे १९७०च्या दशकापर्यंत चालले. आज जगभर प्रायमाक्विन देताना आपण जी काळजी घेतो, ती त्या माणसांनी अंगावर सोसलेल्या त्रासातून आलेली आहे. वर्गात हे प्रकरण शिकवताना मी आधी हे सांगते आणि मगच विकरांकडे (एन्झाइमांकडे) वळते.

दोष कोणाचा, औषधाचा की पेशीचा?

पहिला प्रश्न साधा होता. या लोकांचं शरीर औषधाचं काही वेगळंच विष बनवतं का, की त्यांच्या तांबड्या पेशीच नाजूक आहेत? रेमंड डर्न आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर अदलाबदलीतून काढलं. त्रास होणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली, त्या निरोगी माणसाला दिल्या आणि मग त्या निरोगी माणसाला प्रायमाक्विन दिलं. त्याच्या स्वतःच्या पेशी टिकल्या, पाहुण्या पेशी फुटल्या. मग उलट केलं : निरोगी माणसाच्या पेशी त्रास होणाऱ्याच्या अंगात सोडल्या. या वेळी पाहुण्या टिकल्या. म्हणजे उणीव पेशीच्या आत होती. १९५४ साली हे छापून आलं. मला तरी वैद्यकातल्या सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी हा एक वाटतो, कारण यात अंदाजाला जागाच ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. औषध न थांबवता त्याच मात्रेत चालू ठेवलं तरी साधारण आठवड्या-दीड आठवड्यानंतर रक्त फुटणं आपोआप मंदावायचं आणि हिमोग्लोबिन वर चढायला लागायचं. तेव्हा लष्करात असलेल्या अर्नेस्ट ब्यूटलर या तरुण डॉक्टरची तिथे नेमणूक झाली होती. बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणीच नाझी राजवटीतून आईवडिलांबरोबर निसटून अमेरिकेत आलेला हा मुलगा पुढे या विषयातला दिग्गज झाला. या चमूने किरणोत्सारी लोह वापरून पेशींना वयाची खूण केली. पेशी ८ ते २१ दिवसांच्या असताना औषध दिलं तर त्यांना काही होत नव्हतं. ६३ ते ७६ दिवसांच्या झाल्यावर दिलं तर भराभर फुटत होत्या. म्हणजे औषध म्हाताऱ्या पेशी वेचून मारत होतं. म्हाताऱ्या संपल्या, मज्जेतून नव्या आल्या, की रक्त सावरायचं.

पेशीच्या वयाचा संबंध का, हे कळायला तांबडी पेशी म्हणजे काय चीज आहे ते आठवावं लागतं. रक्तात आल्यावर ती साधारण १२० दिवस जगते. तिला केंद्रक नाही, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत. बाहेर पडताना जेवढी शिदोरी बांधून दिली, तेवढ्यावरच सगळा प्रवास. एखादं विकर मोडलं तर नवं बनवण्याची सोय नाही. आणि कामही असं की दिवसभर ऑक्सिजन आणि लोह यांना एकाच पिशवीत घेऊन फिरायचं.

या जोडीचं काय होतं ते रोज बघतो आपण. विळी धुऊन ओलीच ठेवली की सकाळी गंजलेली असते. हिमोग्लोबिनचंही थोडंथोडं असं होतच असतं. ऑक्सिजन सोडताना मधूनच लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन निसटतो. हिमोग्लोबिनचं निरुपयोगी मेटहिमोग्लोबिन होतं आणि ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड. निरोगी माणसातही हा उद्योग अखंड चालू असतो. प्रायमाक्विनने तो सुरू केला नाही, फक्त त्याचा वेग वाढवला. यकृतात औषधाचे जे पदार्थ तयार होतात ते पेशीत शिरून इलेक्ट्रॉनची देवघेव पुन्हा पुन्हा करत राहतात आणि प्रत्येक फेरीला ऑक्सिजनचे हे हिंसक अवतार वाढवत जातात.

साखळी कुठे तुटली

पेशीजवळ पहारा नव्हता असं मुळीच नाही. सुपरऑक्साइडला सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज पकडतं आणि त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्या पेरॉक्साइडचं पाणी करायला तीन-तीन विकरं उभी असतात : कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन-२. यातलं शेवटचं तर तांबड्या पेशीतल्या सर्वांत मुबलक प्रथिनांपैकी एक. (इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज १९५७ मध्ये गॉर्डन मिल्स यांना सापडलं आणि सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजचं काम मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडलं. स्टेटव्हिलच्या लोकांना यातलं फारसं काही हाताशी नव्हतं.)

त्यांना दिसलं ते असं. त्रास होणाऱ्यांच्या पेशींत ग्लुटाथायोन कमी होतं, आणि पेशींना ऑक्सिडीकरण करणाऱ्या रसायनाबरोबर ठेवलं की उरलेलंही पार संपून जायचं. निरोगी पेशीत ते टिकायचं. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू; त्याच्या मधल्या अमिनो आम्लावरचा गंधक स्वतः ऑक्सिडीकरण पत्करतो आणि दुसऱ्याला वाचवतो. पेरॉक्सिडेज विकर हेच वापरून पेरॉक्साइड विझवतं. पण वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा मूळ रूपात आणलं नाही तर साठा किती पुरणार? परत आणण्याचं काम ग्लुटाथायोन रिडक्टेज करतं आणि त्यासाठी त्याला एनएडीपीएच लागतं, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारा एक छोटा रेणू.

मग रिडक्टेजच बिघडलंय का? तपासलं, ते शाबूत निघालं. १९५६ साली पॉल कार्सन, फ्लॅनॅगन, इक्स आणि अल्व्हिंग यांनी 'सायन्स'मध्ये छोटासा लेख लिहिला : कमतरता एकाच विकराची आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेजची. आपण त्याला जी६पीडी म्हणतो. त्याच वाटेवरचं पुढचं विकर व्यवस्थित होतं. वाटेच्या तोंडाशी असलेलंच दार अडलं होतं.

आणि हे दार महत्त्वाचं का? इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायला दोन-चार मार्ग असतात. तांबड्या पेशीला हाच एक. ग्लुकोजचा थोडा भाग या आडवाटेने नेऊन ती एनएडीपीएच कमावते. ग्लुटाथायोन त्याच्यावर जगतं. पेरॉक्सिरेडॉक्सिनला पुन्हा कामावर आणणारी थायोरेडॉक्सिनची साखळी त्याच्यावर जगते. कॅटालेज स्वयंपूर्ण वाटतं, पण १९८४ मध्ये कर्कमन आणि गाएतानी यांनी दाखवलं की त्याच्या चारही भागांना एकेक एनएडीपीएच घट्ट चिकटलेलं असतं आणि ते नसेल तर कॅटालेजही काम करता करता थंडावतं.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. पहारेकरी सगळे जागेवर होते, हत्यारं हातात होती. कोठीचं दार बंद होतं. प्रत्येक पहारेकऱ्याचा शिधा त्या एकाच कोठीतून येत होता.

वयाचं कोडंही इथेच सुटतं. त्या कैद्यांत आढळणाऱ्या प्रकारात जी६पीडी तयार होतं, पण टिकत नाही. निरोगी पेशीत या विकराची क्रिया निम्मी व्हायला सुमारे ६२ दिवस लागतात, या प्रकारात सुमारे १३ दिवस. म्हणून कोवळी पेशी तग धरते आणि दोन महिन्यांची पेशी रिकाम्या हाताने औषधाला सामोरी जाते.

पटलावर नेमकं काय होतं

पेशीपटलाचं नुकसान म्हटलं की पुस्तकात बहुधा मेदाची गोष्ट सांगतात. पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांतून एक हायड्रोजन हिसकावला गेला की तो रेणू शेजाऱ्याचा हिसकावतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा, आणि पटल खवट होत जातं. खोबऱ्याचा जुना तुकडा चाखला की जीभ कळवते तीच क्रिया. ही साखळी मधेच तोडायला ई जीवनसत्त्व पटलातच बसलेलं असतं. शिवाय अनेक पेशींत जीपीएक्स-४ नावाचं विकर पटलात जाऊन खवटलेला मेदरेणू जागच्या जागी दुरुस्त करतं. उर्सिनी आणि सहकाऱ्यांना ते १९८२ मध्ये सापडलं. त्यालाही ग्लुटाथायोन लागतं, म्हणजे फिरून एनएडीपीएच.

प्रायमाक्विनच्या प्रकरणात मात्र मेदापेक्षा प्रथिनांचा वाटा मोठा आहे आणि घाव आतून बसतो. ग्लुटाथायोन संपलं की हिमोग्लोबिनचे स्वतःचे गंधक उघडे पडतात. रेणूची घडी विस्कटते, गुठळ्या होतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. साध्या लीशमन रंगात त्या दिसत नाहीत. ताज्या रक्तात क्रिस्टल व्हायोलेटसारखा रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली तर पेशीच्या कडेला, आतल्या बाजूने चिकटलेले जांभळे ठिपके दिसतात. शाईचा थेंब फुग्याला आतून लागावा तसे. चिकटतात ते पटलातल्या बँड-३ या प्रथिनाच्या शेपटीला. बँड-३ त्यामुळे एका जागी गोळा होतं, बाहेरून त्या गोळ्यावर प्रतिपिंडं बसतात, आणि प्लीहा-यकृतातल्या भक्षकपेशींना खूण मिळते.

पटलाची लवचिकताही जाते. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. प्लीहेच्या भिंतीतली फट एक मायक्रॉनच्या आसपास. निरोगी पेशी घडी घालून तिच्यातून निसटते. हाइन्झ बॉडी असलेल्या पेशीचा टणक भाग फटीत अडकतो आणि तेवढाच लचका तोडला जातो. उरलेली पेशी पुढे जाते, पण कडेला घास घेतल्यासारखी. भाकरीच्या कडेचा एक घास तोडला की जशी खाच पडते, तशी. काचेवर अशा चार पेशी दिसल्या की मी खुर्ची पुढे ओढते आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून बघायला लागते. काही पेशींना तेवढीही संधी मिळत नाही. त्या रक्तवाहिनीतच फुटतात, हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गळतं आणि लघवी काळी होते.

इथे एक जपानी उदाहरण शेजारी ठेवून बघावं. १९४६ मध्ये ओकायामाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा एका लहान मुलीच्या तोंडातल्या जखमेवर शस्त्रक्रिया करत होते. जखम धुवायला त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. फेस यायला हवा होता, आला नाही. रक्त तपकिरी-काळं पडलं. तिच्या रक्तात कॅटालेज जवळजवळ नव्हतंच. अशा लोकांपैकी काहींच्या हिरड्या सडत, पण त्यांचं रक्त प्रायमाक्विनच्या रुग्णांसारखं फुटत नव्हतं. एक अख्खा पहारेकरी गायब असूनही पेशी तगली, कारण बाकीच्यांनी सांभाळून घेतलं आणि त्यांचा शिधा चालू होता. स्टेटव्हिलमध्ये पहारेकरी सगळे हजर, तरी पटल वाचलं नाही. ही दोन प्रकरणं एकत्र वाचल्याशिवाय 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द कोणी वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

कारण तो शब्द आपण बाजारात फार स्वस्त करून टाकलाय. डब्यावर, बाटलीवर, काढ्याच्या पुडीवर तो छापलेला असतो आणि लोकांना वाटतं की ही पोटात घ्यायची वस्तू आहे. जी६पीडीची कमतरता असलेल्या माणसाला क जीवनसत्त्व शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं तर त्याचं रक्त फुटू शकतं, अशा घटना नोंदलेल्या आहेत. एवढ्या मात्रेत तेच क जीवनसत्त्व पेरॉक्साइड तयार करतं आणि ते विझवायला कोठीत काही नसतं. आवळा खाऊन असं होत नाही, घाबरू नका. पण नुसता रेणू ओतून संरक्षण मिळत नाही.

कल्याणपासून पावट्यापर्यंत

ही कमतरता जगात सुमारे ४० कोटी लोकांत आहे. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो, आणि आईकडून तो येतो. हिवतापाचा जिथे फार काळ मुक्काम होता तिथे हा दोष जास्त, कारण त्याच नाजूक पेशीत परजीवीचंही नीट बस्तान बसत नाही. आपण त्या नकाशात ठळकपणे आहोत. मुंबईच्या पारशी समाजात तो बऱ्याच प्रमाणात आढळतो, हे मुंबईच्या संशोधकांनी १९६०च्या दशकातच नोंदवलं. एका प्रकाराचं तर नावच 'कल्याण' आहे, आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याण. 'केरळ' नावाचा दुसरा प्रकार वेगळा समजला जायचा; १९९२ मध्ये कळलं की दोन्हींत एकच बदल आहे, साखळीतल्या ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन.

भारतात आढळणारा 'मेडिटरेनियन' प्रकार मात्र स्टेटव्हिलच्या प्रकारापेक्षा कडक आहे. त्यात कोवळ्या पेशींतही विकर जेमतेम असतं. त्यामुळे 'औषध चालू ठेवा, आपोआप थांबेल' हा तिथला अनुभव इथे लावणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे व्हायवॅक्ससाठी प्रायमाक्विन १४ दिवस रोज देतात. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं मूल यांना देत नाहीत. कमतरता माहीत असेल तर रोजच्या गोळीऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. त्यामागचं तर्कशास्त्र तुम्हाला आता दिसेलच : एका वेळी थोड्या म्हाताऱ्या पेशी जातात, मधल्या दिवसांत नव्या भरून येतात.

घरगुती धोका औषधाच्या दुकानात नाही, कपाटात असतो. नॅफ्थलीनच्या पांढऱ्या गोळ्या, ज्यांना आपण डांबरगोळ्या म्हणतो. जुन्या लुगड्याची दुपटी, पेटीतून काढलेलं झबलं न धुता बाळाला घालणं ही आपली प्रेमाची रीत. पण या बाळांना त्या वासातूनही त्रास होऊ शकतो. कडक ऊन आणि स्वच्छ धुणं, एवढं करावंच.

आणि पावट्याबद्दल. 'या मुलाला बीन्स देऊ नका' असं ऐकून आलेल्या कितीतरी आया घरातला वाल, पावटा, घेवडा सगळं बंद करतात. ज्या शेंगेने रक्त फुटतं ती बाकला, भूमध्य समुद्राकाठची फावा. तिच्यात व्हायसीन आणि कॉनव्हायसीन असतं, पोटात त्यांचे जे पदार्थ होतात ते प्रायमाक्विनसारखंच वागतात. वाल-पावटा वेगळ्या कुळशाखेतला. बाकला टाळा, डाळिंबी उसळ मुलाच्या ताटातून काढू नका.

तपासणी सोपी आहे, ब्यूटलर यांनीच १९६०च्या दशकात बसवलेली. बोटाच्या थेंबभर रक्तात ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एनएडीपी मिसळायचं, ठरावीक वेळाने गाळणकागदावर ठिपके द्यायचे, वाळवायचे आणि अतिनील दिव्याखाली धरायचे. विकर असेल तर एनएडीपीएच तयार होतं आणि ठिपका निळसर उजळतो. नसेल तर काळा राहतो. जिच्यासाठी एवढी कथा घडली ती कोठी भरलेली आहे की नाही, हे डोळ्यांना दिसतं.

एकदा कावीळ आणि काळ्या लघवीने आलेल्या एका मुलाचा ठिपका आमच्याकडे छान उजळला. तंत्रज्ञ रिपोर्ट लिहायला बसला होता. "मॅडम, नॉर्मल आहे ना?" मी त्याला काच दाखवली, कडेला घास घेतलेल्या पेशी अजून होत्या. रक्त फुटत असताना म्हाताऱ्या पेशी आधी जातात. नळीत उरतात त्या कोवळ्या, विकर शाबूत असलेल्या. त्या दिवशीचा ठिपका खोटं बोलत नव्हता, पण तो जगलेल्या पेशींबद्दल सांगत होता. रिपोर्टवर आम्ही लिहिलं : तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, तोवर डांबरगोळ्या, प्रायमाक्विन, डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं औषध) टाळावे. आईने आठवण ठेवून त्याला परत आणलं. तेव्हा ठिपका काळा राहिला, पण तिच्या भावाच्या मुलाला आम्ही बोलावून घेतलं नाही, कारण मुलाला एक्स गुणसूत्र वडिलांकडून नाही, आईकडून मिळतं. बोलावलं ते तिच्या बहिणीच्या दोन मुलांना.